दोन काचांमधलं धुकं

रामकृष्णने तो कोपरा पुसला होता का? मला नीट आठवत नव्हतं. कितीदा आठवून पाहिलं, तरी खात्री होत नसे.

मी बूढापारा वस्तीतल्या एका खिडकीची दुहेरी काच. जन्म सिलतऱ्याच्या कारखान्यातला. दोन काचा, मध्ये ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी, पट्टीत ओल शोषणारे बारीक मणी आणि कडेनं काळं सील. रस्त्यावरच्या हॉर्नचा इंदूबाईंना त्रास व्हायचा, म्हणून त्यांचे यजमान श्यामराव, भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, मला बनवून घेत होते. दोघंही बघायला आले होते.

नवी वस्तू म्हणून इंदूबाईंनी पर्समधून कुंकवाची डबी काढली आणि जोडायच्या आधीच माझ्या खालच्या कोपऱ्याला बोट लावलं.

"दीदी, किनारे पे नहीं! सील नहीं पकड़ेगा," कारागीर रामकृष्ण ओरडला.

"मग पुसून टाक ना भैया. लावलं ते देवाला पोचलं," त्या हसल्या.

मी जोडली गेले. तो कोपरा चौकटीत झाकला गेला.

चार वर्षं इंदूबाई रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्याच कोपऱ्याशी उभ्या राहायच्या. मग त्या गेल्या. पुढच्या हिवाळ्यात तिथं तळहाताएवढं धुकं उमटलं. श्यामरावांनी आतून पुसलं, बाहेरून पुसलं. जाईना.

"बाबा, सील गया है. नमी घुस रही है. बदलवा देते हैं," मुलगा नीलेश म्हणाला.

"मले शिकवून राहिला का? दव कसं पडते हे चाळीस वर्षं पोट्ट्यांना शिकवलं मी." मग आवाज खाली गेला. "तुझी आई उभी राहते तिथं. तिचा श्वास हाय तो. राहू दे."

पट्टीतले मणी ओलीनं भरून गेले होते, इतकंच मला कळत होतं. पण सांगणार कशी? श्यामराव त्या धुक्याला गाल टेकवायचे. मी या माणसाला फसवतेय का, ही भीती मला सोडेना.

धुकं वर चढत गेलं. यंदा मी पुरती आंधळी झाले. श्यामराव थकून काच बदलायला हो म्हणाले आणि माझ्याकडे पाठ करून बसले. कारखान्यातून आलेल्या रामकृष्णने चौकटीची पट्टी उपटली अन् तो थबकला.

"सर... इधर देखिए."

श्यामराव वाकले.

आता मी त्यांच्या पलंगाशी भिंतीला टेकून आहे. भंगारात द्यायचं का, असं नीलेशनं दोनदा विचारलं. ते नको म्हणतात. मीही मनोमन विनवते, राहू द्या.

कोपरा पुसलाच नव्हता. सीलखाली इंदूबाईंचं लाल बोट तसंच होतं, आणि धुकं तिथूनच आत येत होतं.