चोंदलेल्या घशाची शेगडी

मित्रांनो, स्कॉटलंडमधल्या खाणकामगारांच्या एका गावात, एल्स्पेथआजींच्या बैठकीच्या खोलीत, भिंतीत बसवलेली मी जुनी शेगडी. माझं धुराडं थेट छपराबाहेर जातं. आज माझ्या अंगावर नवा दगड आहे, तरी काडी ओढल्याचा आवाज आला की मी आधी माझा घसा चाचपते. का, ते सांगते.

तरुणपणी माझ्यासमोर अख्खं घर बसायचं. ओले मोजे वाळायचे, सूप गरम राहायचं. आजींचा नवरा खाणीतून आला की आधी माझ्यापुढे हात धरायचा. "अशी ऊब राजवाड्यातही नसेल!" म्हणायचा. मग त्यानंच एक दिवस विजेचा हीटर आणला आणि माझ्या तोंडावर फळी ठोकली. फार लागलं मला ते. पुढे तोही वारला. दर वसंतात कावळे धुराड्यात काटक्या टाकायचे, घरटं करायचे आणि उडून जायचे. माझा घसा चोंदत गेला. विचारतंय कोण?

गेल्या हिवाळ्यात नातू स्ट्रूअन आणि त्याची बायको व्हारी हातोडा घेऊन आले.

"काय ह्या शेगडीभोवतीच्या पिवळट फरशा! बघून मळमळतं," व्हारी म्हणाली.

पहिला घाव बसला तेव्हा वाटलं, संपलं सगळं. पण त्यांनी फक्त फळी आणि फरशा काढल्या, नवा दगड लावला, नवी जाळी बसवली.

"धुराडं साफ करणारा नवीन वर्षात येणार आहे. तोवर काडी लावायची नाही हं!" व्हारीनं नवऱ्याला बजावलं. माझा जीव भांड्यात पडला.

नवीन वर्षाच्या सकाळी शेजारचा डूगल आला. वर्षातलं पहिलं पाऊल काळ्या केसांच्या पुरुषाचं पडावं आणि त्यानं आणलेला कोळसा त्याच घरात जळावा, अशी इथली रीत.

"घे गं म्हातारे, कोळसा! आणि माझा घसा कोरडा पडलाय, तेवढं बघ."

"केस रंगवून आलास ना, लबाडा?" आजी हसल्या. मग कोळसा हातात फिरवत म्हणाल्या, "ह्यांनी फळी ठोकल्यापासून नवीन वर्षाचा एकही कोळसा या घरात जळला नाही. आता शेगडी उघडी असताना हाही कचऱ्यात टाकू?"

"आजी, थोडे दिवस थांबा ना," व्हारी कळवळून म्हणाली.

"एवढ्याशा विस्तवानं काय होतंय?" म्हणत डूगल घरून टोपलीभर कोळसा घेऊन आला. आजींचा चेहरा बघून स्ट्रूअननं काडी ओढली.

नको रे बाबांनो! मी जिवाच्या आकांतानं ओरडले. ऐकणार कोण?

ज्वाळा ओसरल्या, निखारे फुलले. आजी खुर्चीत विसावल्या. बाकीचे सूप प्यायला स्वयंपाकघरात गेले. जाताना स्ट्रूअननं दाराच्या फटीत घोंगडी कोंबली, आजींना गार वारा लागू नये म्हणून. ज्वाळांचा धूर काटक्यांच्या फटींतून कसाबसा वर गेला होता, आता धूर दिसत नव्हता. पण निखाऱ्यांचा विषारी वायू घरट्याला अडून खोलीत परत येत होता. त्याला ना रंग ना वास. आजींची मान कलली, हातातला कप मांडीवर लवंडला. त्या जाग्या झाल्या नाहीत. ज्या बाईनं वर्षानुवर्षं माझी राख काढली, तिलाच मी मारत होते!

तेवढ्यात वरच्या वाळलेल्या काटक्या करपल्या आणि काजळीसकट धाडकन खाली कोसळल्या. आवाज ऐकून व्हारी धावत आली.

"आजी! खिडकी उघड, स्ट्रूअन!"

डूगलनं आजींना खुर्चीसकट उचलून अंगणात नेलं.

आजी दवाखान्यातून परतल्या तेव्हा स्ट्रूअन फळी आणि खिळे घेऊन उभा होता. "हिनं जीव घेतला असता तुझा!"

"तिनं?" आजी म्हणाल्या. "तोंड आपण बांधलं, घसा आपण भरू दिला, काडीही आपणच लावली. ठेव ती फळी खाली."

मग माझ्या घशातून पोतीच्या पोती काटक्या निघाल्या. आता भिंतीवर वायू ओळखणारी घंटाही आहे. तरी आजींचा डोळा लागला की मी त्यांचा श्वास ऐकत बसते. मित्रांनो, बंद पडलेली शेगडी पुन्हा पेटवण्याआधी तिच्या घशात डोकावून बघा. आम्हाला जाळता येतं, ओरडता येत नाही.