पुसलेला आरसा

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न झालं, त्या वर्षीची ही हकिगत. वर्षाचा आकडा मला विचारू नका. लग्नातला घरच्यांचा फोटो भिंतीवर आहे, तो पाहिला की सगळं आठवतं. फोटोत आमचे हे अगदी कडेला उभे आहेत, तोंड असं की लग्नाला नव्हे, दाढ काढून घ्यायला आलेत. आणि नवरीचे वडील फोटोत नाहीतच, कारण फोटो त्यांनी काढला. त्यांचं फोटोचं दुकान होतं. सगळे त्यांना फोटोवाले म्हणत, मीही तेच म्हणे. स्वतःच्या मुलीच्या लग्नातही त्यांनी दुसऱ्या कुणाला कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही.

"ताई," कॅमेऱ्यामागून ते मला म्हणाले, "तुमच्या यांना सांगा, हनुवटी जरा खाली."

हे माझ्या शेजारीच उभे. मी सांगितलं, "हनुवटी खाली घ्या म्हणतायत."

"तुझ्या बहिणीच्या नवऱ्याला सांग, माझी हनुवटी आहे तिथे बरी आहे."

"आहे तिथे बरी आहे म्हणतायत," मी पुढे सांगितलं.

नवरीला हसू आवरेना. आजही लोक तो फोटो बघून म्हणतात, काय खूष होती हो पोरगी!

सख्खे भाऊ जमिनीवरून भांडतात. हे दोघे साडू आरशावरून भांडले.

आमचे बाबा चष्म्याच्या काचा घासत. पुढे दुकान, मागे खोली, वर गच्ची. जन्मभर लोकांच्या डोळ्यांसाठी काचा घासल्या, म्हातारपणी वाटलं, एक आपल्या डोळ्यासाठी घासावी. ताटाएवढी गोल, जाड काच आणली आणि बसले. काचेवर काच, मध्ये पाणी आणि खरखरीत पूड, दोन हिवाळे तेच. आई तेव्हा होती. ती म्हणायची, "एवढ्या घासण्यात माझी सगळी भांडी निघाली असती." शेवटी काचेला मुलामा देऊन आणला, तिचा आरसा झाला. आमचे हे नळजोडणीचं काम करत. त्यांनी रुंद पाइपाचं लांब नळकांडं आणून दिलं, बाबांनी त्याच्या तळाशी आरसा बसवला, आणि गच्चीवर दुर्बीण उभी राहिली. बाबांना मुलगा नाही. दुर्बिणीची देखभाल त्यांनी यांच्याकडे दिली. त्या दिवसापासून हे तिला जेवढे जपत, तेवढं मला जपलं असतं तर माझे गुडघे आज बरे असते.

मग एका संध्याकाळी फोटोवाले गच्चीवर आले. वाकून नळकांड्यात पाहिलं, आरशावर धूळ दिसली. फोटोवाल्याला धूळ दिसली की त्याचा हात आपोआप खिशात जातो. त्यांनी लेन्स पुसायचं मऊ फडकं काढलं आणि आरसा बाहेर काढून मोठ्या प्रेमानं, कडांसकट पुसला. घरातल्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो. दुर्बिणीच्या आरशाचा पुढे, उघडा. तो पुसायचा नसतो, धूळ बसली तर बसू द्यायची. पण हे माहीत नसलं, की माणूस जितका चांगला, तितका जास्त पुसतो. मांजरानं नखं मारावी तसे ओरखडे उठले.

हे त्यांना काय बोलले ते मी लिहीत नाही. फोटोवाले एवढंच म्हणाले, "काच आहे. काच पुसायचीच असते." तिथून दोघांचं बोलणं बंद झालं. मुलगी शाळेत होती तेव्हापासून बंद ते तिच्या लग्नापर्यंत, आणि लग्नातही.

लग्नानंतर महिनाही झाला नसेल, बाबा न्हाणीघरात घसरले. खुबा मोडला. अंथरुणाला खिळले ते खिळलेच. डॉक्टर यांना बाजूला घेऊन म्हणाले, "वय बघता पुढचा उन्हाळा धरून चालू नका." बाजूला म्हणजे पलंगापासून दोन पावलांवर. बाबांचा खुबा गेला होता, कान शाबूत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बोलावून घेतलं. आम्हाला वाटलं, घराचं काही सांगतील.

"मला शनी बघायचाय," बाबा म्हणाले.

शनीभोवती कडी असते. ती कधी चांगली उघडी दिसते, कधी मिटत जाते. पंधराएक वर्षांतून एकदा अशी आडवी होते की दिसतच नाही. बाबा दर वर्षी ती बघत आले होते, आणि आता ती मिटायला आली होती. मिटून पुन्हा उघडेपर्यंत आपण नसणार, हे त्यांनी डॉक्टरांकडून ऐकलंच होतं.

माझी बहीण म्हणाली, "आजारी माणसानं शनी कशाला बघायचा? चंद्र बघा की."

"मला दोन जावई आहेत," बाबा म्हणाले. "शनीची मला सवय आहे."

पण बघायचा कसा? गच्चीचा जिना इतका अरुंद की त्यावरून गादी नेतानाही दोनदा विचार करावा लागे. उचलून न्यायची गोष्ट काढली, तर बाबा म्हणाले, "मी गादी आहे का?" खोलीला खिडकी एक, तिच्यासमोर शेजारच्या इमारतीची भिंत.

"मग फोटो आणा त्याचा," बाबा म्हणाले. "एकाकडे दुर्बीण आहे, एकाकडे कॅमेरा आहे. कडी मिटायच्या आत आणा."

हे छताकडे बघत होते. फोटोवाले आपल्या चपलांकडे.

कॅमेरा दुर्बिणीला जोडायचा म्हणजे त्याची पुढची लेन्स काढायची आणि जिथे आपण डोळा लावतो तिथे कॅमेऱ्याचं उघडं तोंड बसवायचं. दुर्बीण हीच मग त्याची लेन्स. पण तोंडाला तोंड जुळत नव्हतं. म्हणून फोटोवाल्यांनी कॅमेऱ्याच्या तोंडावरचं झाकण दिलं, यांनी त्याला भोक पाडून पाइपाचा तुकडा चिकटवला. यांनी ते आपल्या नळांच्या दुकानात केलं, फोटोवाल्यांनी आपल्या दुकानात बसवून पाहिलं, आणि झाकण पोहोचवायला मी.

"ताई, भोक मधोमध नाही म्हणावं."

"भोक मधोमध आहे. त्याचा कॅमेराच वाकडा आहे, सांग त्याला."

"त्यांना सांगा, कॅमेरा आहे हा, मोरी नव्हे."

"त्याला सांग, मोरी असती तर एव्हाना पाणी वाहिलं असतं."

दोन माणसांमधला सांधा मीच झाले होते. झाकणाला निदान गोंद तरी लावला होता.

शेवटी एका संध्याकाळी कॅमेरा दुर्बिणीवर चढला. दिवस मावळला होता, शनी समोर आला होता. फोटोवाल्यांनी फोटो काढला आणि ओरडले, "ताई! कडी आली!" हेही धावले. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर खरंच एक गोल, जाड, पांढरी कडी दिसत होती. दोघे जिन्यातून असे उतरले की कोण आधी पोहोचतो.

बाबांनी उशाखालचं भिंग काढलं. बराच वेळ बघितलं.

"ही कडी," बाबा म्हणाले. "बरं. आणि शनी कुठे आहे?"

कडीच्या मध्ये काळं भोक होतं.

"ही शनीची कडी नाही. नळकांड्याच्या तोंडाशी छोटा आरसा आहे, त्याची ही सावली. चित्र जुळलेलंच नाही. जा, कुठल्याही ताऱ्याचा फोटो काढा, असाच येईल."

दोघे वर गेले. त्या संध्याकाळी आकाशातल्या सगळ्या ताऱ्यांना कडी होती.

झालं होतं असं की आपला डोळा दुर्बिणीला अगदी टेकतो, पण कॅमेऱ्याचा डोळा असतो त्याच्या पोटात खोल. चित्र त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हतं. त्यावर उपाय एकच, आरसा पुढे आणायचा.

"मागून चार बोटं नळकांडं कापा," बाबांनी यांना सांगितलं.

यांचा चेहरा उतरला. "बाबा, तुमच्या हातची दुर्बीण आहे."

"पाइप तुमचाच होता, जावईबापू. आणि मी कुठे माझा पाय कापायला सांगतोय?"

पुढचे कितीतरी दिवस बाबा रोज विचारत, "कापलं का?" आणि रोज काहीतरी निघे. एकदा ढग होते, एकदा वारा होता, एकदा करवतीला धार नव्हती. आयुष्यभर लोकांच्या भिंती फोडून पाइप कापणाऱ्या माणसाच्या करवतीला धार नव्हती! तिकडे कडी रोज बारीक होत होती, आणि इकडे बाबांचं मनगट.

एका सकाळी बाबांनी पेज अर्धी टाकली. ते बघून हे उठले, करवत घेतली आणि गच्चीवर गेले. नळकांडं धरायला दुसरा माणूस लागतो, म्हणून फोटोवाल्यांना मी बोलावून आणलं. आरसा काढून उशीवर ठेवला होता. एक धरतोय, एक कापतोय, दोघांची तोंडं दोन दिशांना. तुकडा पडला. तो हातात घेऊन हे थोडा वेळ उभे राहिले, मग आरसा परत बसवायला वाकले. ऊन चढलं होतं. यांच्या कपाळावरचा घामाचा थेंब टपकन आरशावर पडला.

आणि यांनी तो बाहीनं पुसला.

मी बघत होते. फोटोवालेही बघत होते. यांचा हात आरशावर तसाच राहिला. बाहीखाली जे झालं असेल ते बघायला यांना हात उचलवेना.

फोटोवाले माझ्याकडे वळले. "ताई," ते म्हणाले, "तुमच्या यांना सांगा, मी काही पाहिलं नाही."

"तिला काय सांगतोस?" हे एकदम ओरडले. "मी इथे मेलोय का? मला सांग!"

"तुम्हाला सांगतो. पाहिलं नाही."

"काच होती," हे हळूच म्हणाले.

"पुसायचीच असते," फोटोवाले म्हणाले.

आता मला तिथे काही काम उरलं नव्हतं, म्हणून मी खाली येऊन भात टाकला. वरून दोघांचा आवाज येत होता. इतक्या वर्षांचं साचलेलं, ते काही एका सकाळी संपलं नाही. भात झाला तरी चालूच होतं.

त्याच संध्याकाळी शनी आला. खराखुरा. तांदळाच्या दाण्याएवढा, दोन बाजूंना दोन कान. फोटोवाल्यांनी दुकानात जाऊन कागदावर काढून आणला. मी नीट निरखून बघितला आणि विचारलं, "यात ओरखडे कुठे आहेत?"

दोघेही खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर भिंत होती.

"ओरखडे फोटोत येत नसतात," बाबा भिंगातून बघत म्हणाले. "एवढ्या मोठ्या आरशात चार रेघांनी काय होतं? डोळा लावला तरी दिसत नव्हते."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?" मी म्हटलं.

"मला कुणी विचारलं नाही. आणि हे दोघे बोलायचे थांबले तेव्हा घरात जरा शांतता झाली होती." मग त्यांनी फोटो यांच्या हातात दिला. "हललाय. पुन्हा काढा."

पुन्हा काढला. बाबा म्हणाले, "धुरकट आहे." पुन्हा काढला. "कान एक मोठा, एक लहान." दोघे साडू रोज संध्याकाळी गच्चीवर, आणि बाबा खाली वाट बघत. फोटो बघितल्याशिवाय जेवायचे नाहीत, आणि बघितल्यावर नावं ठेवत पोटभर जेवायचे. डॉक्टरांनी सांगितलेला उन्हाळा आला आणि गेला. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. आम्ही म्हटलं, असेल.

त्यातला एक फोटो बाबांनी पलंगासमोरच्या फळ्यावर लावायला सांगितला. तो फळा म्हणजे दुकानात डोळे तपासायचा, वर मोठी अक्षरं आणि खाली लहान होत गेलेली. मुलं मोठी झाल्यावर मी अक्षरं शिकले ती त्याच फळ्यावरून, वरून खाली. शनी सगळ्यांत खालच्या ओळीखाली टाचला. बाबा डोळे बारीक करून म्हणाले, "दिसतो. म्हणजे अजून चष्मा बदलायला नको."

पुढे कडी मिटली. तिचाही फोटो या दोघांनी काढला. नुसता एक ठिपका. बाबा म्हणाले, "यात तरी काही हललेलं नाही."

फोटोवाले गेले तेव्हा भिंतीवर लावायला त्यांचा फोटो शोधला. दुकानभर फोटो, पण त्यांचा एकही नाही. शेवटी कॅमेऱ्यात एक सापडला. गच्चीवर यांनी चाळा म्हणून काढलेला, अर्धा धूसर, मागे दुर्बिणीचं नळकांडं. हनुवटी वर आहे. हे तो फोटो हातात घेऊन म्हणाले, "मी सांगितलं होतं त्याला, खाली घे. ऐकलं नाही." बहिणीनं तोच लावला.

कॅमेरा तिनं यांना दिला. त्यानंतर कडी पुन्हा उघडायला लागली, तेव्हा यांनी एकट्यानं तिचा फोटो काढला आणि बाबांना आणून दाखवला. बाबांनी भिंग धरलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हा चांगला आलाय. पण फोटोवाल्यांना सांगू नका, वाईट वाटेल." फोटोवाले गेल्याचं त्यांना आठवत नव्हतं, का ते थट्टा करत होते, ते आम्हाला कळलं नाही. आम्ही विचारलंही नाही.

फोटोवाले वारले ते कडी मिटली त्याच वर्षी, थंडी सुरू होताना, दुकानात खुर्चीवर बसल्या बसल्या. बाबा त्यानंतर तीन वर्षांनी उन्हाळ्यात वारले. तोवर कडी चांगली उघडली होती.