चाळीस बियांची झोपमोड

मी एका बीमधला इवलासा रेणू बोलतोय, आणि शपथेवर सांगतो, यातलं काहीही खोटं नाही. मी आजवर एकही थाप मारलेली नाही. म्हणजे परवा एक मारली होती, पण ती शेजारच्या प्रथिनाला, आणि त्याला गप्प बसवणं भागच होतं. एरवी मी सरळमार्गी.

मला लघु आरएनए म्हणतात. जनुकांवरून उतरवलेल्या चिठ्ठ्या हजार-दोन हजार अक्षरांच्या असतात. माझी सगळी मिळून एकवीस. मला डोळे नाहीत, कानही नाहीत. पुढचं सगळं मी स्वतः पाहिलं आणि ऐकलं.

बी हिरवं, ओलं होतं तेव्हा मी जन्मलो. आधी चांगला लांबलचक धागा होतो. तो दुमडून केसांच्या पिनेसारखा झाला आणि एका कात्रीवाल्या प्रथिनाने कचाकच घाव घालून त्यातला तुकडा काढला. तोच मी. लगेच दुसऱ्या एका धिप्पाड प्रथिनाने मला बगलेत मारलं. तेव्हापासून आमची जोडी. चिठ्ठीवरची अक्षरं माझ्या अक्षरांशी जुळली की मी म्हणतो, "हीच बघ!" आणि तो तिचे दोन तुकडे करतो. जनुक जागच्या जागी शाबूत, पण त्याचा हुकूम कुठे पोहोचतच नाही.

माझ्या वाट्याला आलेल्या चिठ्ठ्यांवर एकच मजकूर होता: झोपून राहा. बी पिकून वाळलं, तेव्हा त्या चिठ्ठ्यांचा ढीग पडला होता आणि आम्ही मूठभर. मग पाणीच आटलं. सगळे जिथल्या तिथे थांबले. मी हात वर केलेला तसाच राहिलो. (हातही नाहीत, पण पुढे चला.)

आमचं झाड निळ्या फुलांचं. ही जात एका म्हाताऱ्या माळीमामांच्या बागेतच उरली होती, आणि तिथला ताटवा गवत कापायच्या नव्या यंत्राने एका सकाळीत सपाट केला. मामांच्या हाती लागल्या फक्त चाळीस बिया. त्या पाकिटात घालून ते बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत गेले. तिथला नियम असा, की निम्म्या बिया उगवल्या तर रोपं वाढवून जात जपायची. नाही उगवल्या, तर जात संपली म्हणून नोंद करायची आणि बिया कचऱ्यात.

तपासनीस बाई कामात फार नेटक्या. तबकातल्या ओल्या टिपकागदावर त्यांनी दहा-दहाच्या चार रांगा अशा लावल्या, की आम्हालाच ताठ बसावंसं वाटलं. तबक उबदार कपाटात गेलं. चौदाव्या दिवशी मामा दारात हजर.

"काय म्हणतायत आमची पोरं?"

"मामा, वाईट वाटून घेऊ नका. चाळीसात शून्य. गेली सगळी."

"बुरशी धरलीय?"

"नाही."

"मग गेली कशावरून?"

"चौदा दिवस झाले ना. तपासणीच्या नियमांच्या कार्डावर चौदाच लिहिलेत."

"कार्डाला काय विचारता? बी दाबून बघा की, बाई! मेलेलं बी चिमट्यात पचकन फुटतं."

बाईंनी चिमटा उचलला आणि नेमकं आमचंच बी धरलं. मी जीव मुठीत घेतला. चिमटा दाबला गेला, सरकला, पुन्हा दाबला गेला.

"अगंबाई, टणक आहे!"

"दुसरं?"

"तेही. मामा, ही मेलेली नाहीत, झोपलीयत!" आणि बाईंनी चिमटा खाली ठेवला. त्यांनी कार्ड उलटून पाहिलं. मागच्या बाजूला ठसठशीत ओळ होती: ताजं बी असल्यास आधी दहा दिवस गारव्यात ठेवावं.

"बावीस वर्षं नोकरी झाली माझी," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "आणि मी कार्ड उलटलंच नाही."

"असू द्या हो. मी चाळीस वर्षं माळीकाम केलं, पण ताटव्याला कुंपण घालायचं सुचलं का मला?"

प्रयोगशाळेचा फ्रीज नमुन्यांनी गच्च. म्हणून आमची रवानगी झाली कर्मचाऱ्यांच्या डब्यांच्या फ्रीजमध्ये. पाचव्या दिवशी दुपारी तबकाचं झाकण उघडलं. वर मोठे साहेब, हातात चमचा.

"बाई, हा कुणाचा डबा? कागदावर तीळ का पसरलेत?"

"साहेब, चमचा खाली ठेवा! जगात एवढ्याच बिया शिल्लक आहेत!"

साहेब इतके दचकले, की पुढे आठवडाभर स्वतःचा डबाही विचारून उघडायचे.

दहा दिवसांनी पुन्हा ऊब मिळाली, आणि बीच्या आत काय धमाल उडाली! गारव्याने झोपेची पकड ढिली केली होती. आता माझे भाऊबंद भराभर तयार होऊ लागले. "ही बघ! तीही! ती कोपऱ्यातली सोडू नकोस!" माझा जोडीदार कापतोय, मी ओरडतोय, चिठ्ठ्यांचे नुसते तुकडे उडतायत. साडेतीन हजार चिठ्ठ्या मी एकट्याने संपवल्या. शेवटची पडली, आणि बीच्या सालीला टच्‌कन चीर गेली. पांढरंशुभ्र मूळ बाहेर डोकावलं.

बाईंनी कोंब मोजले. एकतीस. पुन्हा मोजले, तिसऱ्यांदाही मोजले, आणि तिन्ही वेळा आकडा मोठ्याने मामांना सांगितला. मामा म्हणाले, "पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. पण सांगत राहा."

पुढे रोपं बागेत लागली. ताटव्याला कुंपण आलं. सगळा ताटवा निळाभोर फुलला, साहेब डबा घेऊन तिथेच जेवायला बसू लागले, आणि मामांनी पहिलं फूल बाईंच्या हातात दिलं.

आता खरं सांगून टाकतो. बागेचा हा शेवटचा प्रसंग मी रचलाय. चिठ्ठ्याही मी एकट्याने संपवल्या नाहीत. आम्ही हजारोंनी होतो. पण एकतीस कोंब खरे, देवाशपथ. कोंब वर आला की आमच्यासारख्या जुन्यांना मोडून आमची अक्षरं दुसऱ्या कामाला लावतात. माझीही पहिली तीन मघाशीच गेली. त्यामुळे फुलांपर्यंत मी काही पोहोचत नाही.

मी निळा रंग कधी पाहिलेला नाही. तुम्हाला कुठे दिसला, तर माझ्या वतीने दोन मिनिटं जास्त थांबून बघा.