आठ तारा आणि वीतभर माया

मास्तरांचं म्हणणं एवढंच होतं, की दुकानात इंटरनेटच्या तारेचा आठ नंबर दिसत असताना शहाण्या माणसाने सहा नंबर मागायचाच कशाला?

“बुटाचं माप आहे का ते, मास्तर?” वायरमनबाई म्हणाल्या.

दुकानदार तेवढ्यात मास्तरांच्या बाजूने झाला. “काका बरोबर बोलतायत. आठ नंबर म्हणजे राजा. एकदा टाकलात की नातवंडांपर्यंत बघायला नको.”

नातवंडं म्हटल्यावर मास्तर विरघळलेच. पण वायरमनबाई विरघळणाऱ्यांतल्या नव्हत्या. बाईमाणूस शिडी घेऊन दारात उभी राहिली की लोक विचारायचे, “वायरमन कुठाय?” त्या म्हणायच्या, “हा काय!” तेव्हापासून त्यांचं हेच नाव पडलं होतं.

“आठ नंबर यंत्रांच्या खोल्यांत चालतो, या कपाटातून त्या कपाटात. तीस मीटरच्या पुढे त्याची ऐट संपते. तुमची वाट पस्तीस मीटरची, त्यात सहा वळणं. वळता वळत नाही तो गडी. सहा नंबर घ्या. आज हवा त्याच्या दहापट वेग उद्या आला तरी एवढ्या अंतरात तो पेलेल. तुम्ही गिऱ्हाइकाला भर उन्हाळ्यात लोकरीचा कोट शिवता का?”

“मागितला तर शिवतो,” मास्तर म्हणाले. “पण आधी वेड्यात काढतो.”

“मग मीही तेच करतेय.”

दुकानदाराने पडेल चेहऱ्याने सहा नंबरचं खोकं काढलं. वायरमनबाईंनी तारेचं टोक सोलून पात्याने खरवडलं, आणि वरचा तांबूस रंग निघून आत पांढरं लख्ख दिसलं. आत ॲल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा! कापडात चाळीस वर्षं घालवलेल्या माणसाला असली लबाडी बरोबर कळते. मास्तर कडाडले, “अहो, खोक्यावर कॅट सिक्स लिहिलंय आणि आत निघाला मांजरपाट!”

दुकानदारालाही हसू आवरेना. मग मात्र त्याने निमूट आतून अस्सल तांब्याचं खोकं आणलं. आठही तारा सलग, भरीव, दोन-दोनची जोडी, प्रत्येक जोडीला घट्ट पीळ. मास्तरांनी पीळ अंगठ्याखाली फिरवून पाहिला आणि “सूत चांगलं आहे” असा निकाल दिला.

आता एवढी सगळी धावपळ कशासाठी, तर सूनबाईसाठी. ती चित्रपटांचं संकलन करायची. दूरच्या शहरातल्या एका मोठ्या कंपनीला तिचं काम फार आवडलं होतं. चित्रीकरण कंपनीच्या यंत्रावर राहणार, सूनबाईने घरात बसून त्याला कात्री लावायची, असं ठरत आलं होतं. अट एकच. शनिवारी दुपारी तीन वाजता कंपनी तासभर घरची लाइन तपासणार. वेग आठशेच्या खाली उतरला, तर घरून काम नाही, तिकडे ऑफिसात येऊन बसा. मुलगा इथल्या इस्पितळात नर्स, त्याला हलता येत नव्हतं. म्हणजे नवरा इथे आणि बायको तिथे. लग्नाला जेमतेम वर्ष! नुसत्या विचाराने मास्तरांची सुई दिवसातून तीनदा बोटात शिरत होती.

इंटरनेटचा डबा तळमजल्यावर, मास्तरांच्या दुकानात, इस्त्रीच्या टेबलाशेजारी. सूनबाईची खोली सगळ्यात वर, मागच्या अंगाला. वायफाय बिचारं जिना चढता चढता मधल्या मजल्यावर धापा टाकत बसायचं. म्हणून ही तार.

शनिवारी सकाळी काम सुरू झालं. वायरमनबाई भिंतीला क्लिपा ठोकत पुढे, मास्तर तारेचं भेंडोळं सोडत मागे. खोलीत पोचल्यावर बाईंनी चार बोटं जास्तीची ठेवून पक्कड उचलली, तर मास्तरांनी त्यांचा हातच धरला.

“माया कुठाय?”

“कोण माया?”

“अहो, माया! शिवणीत सोडतो ती. उद्या उसवावं लागलं, सैल करावं लागलं, तर कापड नको? वीतभर सोडा. दोन्ही टोकांना.”

“माझं काम उसवत नाही, मास्तर.”

“मीही पंचवीस वर्षांचा होतो तेव्हा असंच म्हणायचो.”

मास्तरीणबाई दारातून म्हणाल्या, “सोडा हो वायरमनबाई. प्रवचनात सगळ्यांना सांगतात माया सोडा, माया सोडा. ते मनावर घेतलेला एवढा एकच माणूस निघाला. अर्ध्या-अर्ध्या इंचाने सोडत आलाय जन्मभर.”

बाईंनी हसत वीतभर सोडली. मग आठ तारा सुट्या करून, एका ओळीत लावून, पारदर्शक प्लगमध्ये सारल्या आणि पक्कडीने दाबल्या. हे करताना त्या रंगांचा क्रम चालीत गुणगुणायच्या, एखादी ओवी म्हणावी तसा: “पांढरा-नारिंगी, नारिंगी गं, पांढरा-हिरवा, निळा गं...” खाली येऊन दुसरं टोकही तसंच केलं. आणि क्लिपा संपल्या म्हणून जिन्यातलं काम अर्धवट टाकून, पिशवी तिथेच ठेवून, कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या.

मास्तरांनी चष्मा पुसला आणि प्लग उजेडात धरला. नारिंगी जोडी शेजारीशेजारी. छान. तपकिरी जोडी शेजारीशेजारी. छान. आणि हिरवी? पांढरा-हिरवा अलीकडे, हिरवा पार पलीकडे, आणि मध्ये निळं जोडपं ऐसपैस पाय पसरून बसलेलं!

मास्तरांच्या काळजात चर्र झालं. आजच्या दिवशी, या घरात, नवऱ्याला बायकोपासून तोडायचं? गुणगुणण्याच्या नादात चुकल्या असतील बिचाऱ्या. चारचौघांत चूक दाखवून लाजवायचं कशाला? आपल्या हातात कला आहे, पिशवीत पक्कड आहे. मास्तरांनी तो प्लग कापला, चारही जोड्या शेजारीशेजारी बसवल्या, नवा प्लग दाबला. वर गेले, तिथेही तेच केलं. तपासायची डबी लावली. आठही दिवे एकापाठोपाठ एक लागले. मास्तरांनी मनोमन देवाला हात जोडले, कापलेले प्लग खिशात टाकले आणि काजं करायला बसले.

अडीच वाजता सूनबाईने यंत्र सुरू केलं. वेग दाखवणारा काटा टुणकन उडाला आणि थांबला.

“ब्याण्णव?” सूनबाई म्हणाली. “आठशे हवेत, बाबा. ब्याण्णव!”

मास्तर चुकून म्हणाले, “पैकीच्या पैकी नसले तरी चांगलेच आहेत की.”

“तुम्ही गप्प बसा,” मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि पुढच्याच श्वासाला, “तरी मी म्हणत होते आठ नंबर घ्या!”

“तू म्हणत होतीस?”

वायरमनबाईंनी डबी लावली. आठही दिवे लागले. त्यांनी तारेवरून हात फिरवला, कुठे दबली का पाहिलं. दोन पस्तीस. सूनबाईने खुर्चीच्या पाठीला दोन्ही हातांनी धरलं होतं. शेवटी बाईंनी प्लग नाकाजवळ नेला.

“हे माझं काम नाही.”

मास्तरांच्या खिशात दोन प्लग निखाऱ्यासारखे पोळत होते. त्यांनी ते हळूच टेबलावर ठेवले.

“मी केलं,” ते म्हणाले. “हिरव्याची बायको तुम्ही लांब बसवली होती. मला बघवेना.”

वायरमनबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, प्लगकडे पाहिलं, आणि अशा काही हसत सुटल्या की शिडीला धरून खाली बसल्या. “अहो मास्तर! नुसतं शेजारी बसल्याने जोडी होते का? या प्लगात तीन नंबर आणि सहा नंबर मिळून बोलतात, चार आणि पाच मिळून. हिरवी दोघं लांब बसतात ती त्यासाठी. लांब बसतात, पण दारापर्यंत एकमेकांना पिळलेली येतात. बाहेरचा कुणी कितीही कोकलला तरी त्या पिळात शिरत नाही. तुम्ही त्यांना शेजारी बसवलंत खरं, पण हिरव्याची बायको बोलायला धाडलीत निळ्या नवऱ्याशी! आता चौघं एकदम भांडतायत, ऐकू कुणाला काय येणार?”

“मग डबीचे दिवे कसे लागले?”

“डबी हजेरी घेते फक्त. कोण कुणाशी बोलतंय ते तिला काय ठाऊक!”

मास्तरीणबाईंनी पदर तोंडाला लावला. सूनबाईही हसायला लागली, डोळ्यांत पाणी असताना हसतात तसं. “बाबा, दोन चाळीस झाले.”

बाईंनी वरचा प्लग कापला. एकदा त्यांनी, एकदा मास्तरांनी आणि आता पुन्हा. चारच बोटं ठेवली असती, तर तार यंत्रापासून दोन बोटं लांब लटकत राहिली असती. पण ती पोचली. वर थोडी उरलीसुद्धा. वायरमनबाईंनी ती उरलेली माया पाहिली आणि मास्तरांना नमस्कार ठोकला.

“खालचं टोक मी करतो,” मास्तर म्हणाले.

“अहो!” मास्तरीणबाई ओरडल्या.

“करू दे त्यांना,” वायरमनबाई म्हणाल्या. “मी वरून म्हणते, तुम्ही खाली लावा. आणि मास्तर, पीळ सोडायचा तो अगदी प्लगच्या तोंडाशी. आधी नाही.”

मास्तर या वयात दोन-दोन पायऱ्या उड्या मारत उतरले. वरून चाल सुरू झाली, “पांढरा-नारिंगी, नारिंगी गं,” मधल्या मजल्यावरून मास्तरीणबाईंनी ती झेलून खाली पोचवली, आणि खाली मास्तर बिनचूक एकेक तार ओळीत लावत गेले. “पांढरा-हिरवा, निळा गं!” “निळा!” “पांढरा-निळा, हिरवा गं!” “हिरवा! बस बाबा तिथेच, सुखात राहा!” रस्त्यावरून एक गिऱ्हाईक पँट घेऊन आत आलं, हे सगळं ऐकून उंबऱ्यातच थांबलं आणि तपकिरीपर्यंत टाळ्यांचा ठेका धरून उभं राहिलं.

पक्कड दाबली गेली. वरून सूनबाईची किंकाळी आली, “नऊशे एक्केचाळीस!”

तीन वाजायला चार मिनिटं होती.

पुढचा तासभर मास्तर जिन्यात बसून होते. गिऱ्हाइकाची पँट त्यांच्या मांडीवर होती आणि खालची दुमड उलट बाजूला टाचली जात होती, पण गिऱ्हाईकही शेजारीच बसून वर बघत होतं, त्याने काही हरकत घेतली नाही. चार वाजून गेले. दार उघडलं. सूनबाई पहिल्यांदा नवऱ्याशी फोनवर काहीतरी बोलली, मग फोन तसाच कानाला ठेवून जिन्याच्या कठड्यावरून वाकली.

“बाबा! घरूनच!”

मास्तरांनी मांडीवरची पँट गिऱ्हाइकाच्या हातात दिली. मास्तरीणबाईंनी देवापुढे दिवा लावायला धाव घेतली. वायरमनबाईंनी उरलेली क्लिप ठोकली. मास्तरांनी टेपच्या टोकाने डोळे पुसले आणि वर पाहून विचारलं,

“आणि हिरवी दोघं?”

“लांब बसलीयत, बाबा,” सूनबाई म्हणाली. “मजेत आहेत.”