वार्तापत्राचे जुने वाचक

संचालिकांनी मला बोलावलं तेव्हा वार्तापत्र बंद करायचं त्यांच्या मनात जवळपास ठरलेलं होतं. टेबलावर एकच कागद होता आणि त्यावरची रेघ उतरत उतरत पार तळाला गेली होती. ती रेघ मीच काढून दिली होती. आमच्या संस्थेत आकड्यांचं काम माझ्याकडे असतं.

"वर्षभरात वाचक निम्म्यावर आले," त्या म्हणाल्या. "असंच चालणार असेल तर यात माणूस गुंतवून ठेवण्यात अर्थ नाही. पण बंद करायच्या आधी एकदा नीट बघा. मजकुरात काय बदललं, कोण वाचतं, कोण सोडून गेलं. सगळं तपासून अहवाल द्या." मग त्यांनी कागद उलटा करून ठेवला. "तुम्हाला नको असेल तर बाहेरच्या कुणाला देते. मला राग येणार नाही."

"मीच करतो," मी म्हणालो.

ते वार्तापत्र माझ्या बायकोने सुरू केलं होतं. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. बाहेरचा माणूस आला असता, आठ-दहा अंक चाळले असते आणि 'बंद करावे' असं लिहून गेला असता. त्याला दोष देता आला नसता. पण मला ते पाहवलं नसतं.

आमची संस्था छोट्या नगरपालिकांमधल्या लोकांना प्रशिक्षण देते. कारभारात कुणी काही नवं करून बघितलं, तर ते दुसऱ्या गावाला कळावं म्हणून हे वार्तापत्र. दर महिन्याला ईमेलने जातं. एका गावाने पाण्याच्या तक्रारी फोनवर घ्यायला सुरुवात केली, दुसऱ्याने जन्मदाखल्याची खिडकी दुपारीही उघडी ठेवली, असलं काहीबाही. पण खरं लोक वाचायचे ते शेवटचं पान. त्याचं नाव 'जमलं नाही'. ज्याने जे करून बघितलं आणि फसलं, ते तिथे यायचं. सरकारी माणूस आपलं फसलेलं कधी सांगतो का? हिला सांगायचे. ती रोज कुणाला ना कुणाला फोन करायची आणि आधी स्वतःचीच फजिती सांगायची. समोरचा हसला की मग त्याची.

तिचा एक नियम होता. आपल्या संस्थेच्या माणसाची बातमी छापायची नाही. बढती नाही, सत्कार नाही, फोटो तर मुळीच नाही. ती म्हणायची, "एकदा का साहेबांचा फोटो आत शिरला, की गटाराची बातमी बाहेर पडते."

तिच्यानंतर काम सहसंपादकाकडे आलं. ऑफिसात त्याला सगळे 'प्रस्तावना' म्हणतात. माणूस सज्जन, पण नमनाला घडाभर तेल. त्याला नुसतं 'किती वाजले' विचारलं तरी तो घड्याळाच्या खरेदीपासून सुरू करतो. अहवालाचं त्याच्या कानावर गेल्यावर तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"हे बघा, तुम्ही म्हणाल की सुरुवात कुठून करावी, तर त्याला दोन-तीन बाजू आहेत..."

"बस की," मी म्हणालो.

तो बसला. "माझ्यामुळे झालं," तो एकदम म्हणाला. एवढं थोडक्यात बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं. "लोकांना माझं लिखाण लांबट वाटतं. माझ्या बायकोलाही वाटतं."

मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून आधी मजकूर घेतला. तिच्या काळातले अंक आणि त्याच्या काळातले अंक शेजारी शेजारी ठेवले. विषय कुठले, गावं कुठली, लेख किती लांब, फसलेलं किती, जमलेलं किती. मी लेखक नाही, पण लांबी मला मोजता येते. प्रस्तावनाच्या लेखात पहिला परिच्छेद फुकट जायचा हे खरं, पण पुढे माहिती चोख होती. 'जमलं नाही'चं पानही त्याने चालू ठेवलं होतं. फक्त फोनच्या ऐवजी एक फॉर्म पाठवायचा. लोकांनी भरून द्यावा अशी अपेक्षा. थोडे भरायचे. मजकूर जरा कोरडा झाला होता, वाईट झाला नव्हता. त्याच्यामुळे निम्मे वाचक जावेत असं त्यात काही नव्हतं.

मग वाचक घेतले. ईमेल कुणी उघडला, कुठपर्यंत वाचला, हे यंत्रणेत दिसतं. माझी समजूत अशी की सोडून जातात ते नवे, वरवरचे. इथे उलटंच होतं. नवे टिकून होते. गेले होते ते जुने. वर्षानुवर्षं पहिल्या दिवशी उघडून शेवटपर्यंत वाचणारे. त्यातल्या बऱ्याच जणांनी तर 'मला पाठवू नका' असं कळवून नाव काढून घेतलं होतं. कंटाळलेला माणूस नाव काढायची तसदी घेत नाही, नुसता उघडत नाही. नाव काढायला राग लागतो. कुठेतरी पाणी मुरत होतं.

घरी मी आणि सासूबाई असतो. लेक गेल्यावर त्या कुठे जाणार, आणि मी तरी कुठे पाठवणार. जेवताना मी त्यांना हे सांगितलं. त्यांना ऐकायला आवडतं.

"मग फोन करून विचारा की," त्या म्हणाल्या.

"आई, अहवाल आकड्यांवर करायचा असतो."

"आकड्याला तोंड असतं का? जावईबापू, तुम्हाला फोन करायला नको, हे सांगा. लग्न ठरलं तेव्हासुद्धा तुमच्या भावानेच फोन केला होता."

"तेव्हा मला खोकला झाला होता."

"वीस वर्षं तोच खोकला सांगताय," त्या म्हणाल्या आणि माझ्या ताटात भाजी वाढली.

दुसऱ्या दिवशी मी नाव काढून घेतलेल्यांचे नंबर काढले. पहिला नंबर एका गावच्या पाणीपुरवठा विभागातल्या हेडक्लार्क बाईंचा होता. ही त्यांच्याबद्दल पुष्कळ बोलायची. मी संस्थेचं नाव सांगितलं आणि वार्तापत्र का बंद केलंत, असं विचारलं.

"आम्ही बंद केलं?" पलीकडून आवाज चढला. "ताईंनी आम्हाला बंद केलं. महिन्यातून एक फोन ठरलेला असायचा. आता काय, फॉर्म येतो! माझ्याकडे दिवसभर फॉर्मच असतात, त्यात आणखी एक. फोन लावला तर बंद. नंबर बदलला असेल, हरकत नाही. कळवायचं तरी. मोठ्या झाल्या का एवढ्या?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो? ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"मग सांगा त्यांना. म्हणावं, आम्हीही कुणाच्या दारात उभे नाही."

"सांगतो," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

सांगतो म्हणालो. दुसरं काही तोंडातून निघालंच नाही. जिन्यात जाऊन जरा उभा राहिलो, पाणी प्यायलो, आणि परत येऊन दुसरा नंबर लावला. तो एका स्वच्छता निरीक्षकाचा होता. माणूस मवाळ होता, पण बोलला तेच. "ताई रागावल्यात का हो आमच्यावर? आमचा कचऱ्याच्या गाड्यांचा प्रयोग फसला तो मी त्यांना उशिरा सांगितला. त्यावरून असेल का?"

"तुम्हाला कुणी काही कळवलं नाही?" मी विचारलं.

"काय कळवायचं? अंकाच्या खाली संपादक म्हणून त्यांचंच नाव असतं. म्हणजे आहेत त्या. आम्हीच नको झालो."

त्यांना मी सांगितलं. सरळ सांगितलं, ती गेली म्हणून. मग ते म्हणाले, "आणि तुम्ही कोण?" तेही सांगितलं.

मग मी प्रस्तावनाकडे गेलो. ताजा अंक उघडून खालची ओळ दाखवली. संपादक, आणि पुढे तिचं नाव.

"हे का नाही काढलं?"

त्याचा चेहरा उतरला. "आता बघा, पहिली गोष्ट, त्यांचा नियम होता. आपल्या माणसाची बातमी छापायची नाही. त्या गेल्या तेव्हा मी निधनाच्या बातमीची चौकट तयार केली होती. मग नियम आठवला. त्यांचाच नियम त्यांच्याच अंकात मोडायचा कसा? म्हणून बातमी दिली नाही. आणि बातमी दिली नाही तर नाव तरी कसं काढायचं? लोक विचारणार, कुठे गेल्या."

"कुणी विचारलं नाही. नाव होतं म्हणून."

"आणि दुसरी गोष्ट," तो म्हणाला, आणि टेबलावरचे कागद सारखे करायला लागला.

"बोल ना."

"तुम्ही अंक आला की तडक खाली जाता. वरचं काही न वाचता. इथून मला दिसतं. मग मला ते नाव काढवेना."

हे खरं होतं. दर महिन्याला मी तेवढंच बघायचो. नाव जागेवर आहे का बघायचं आणि बंद करायचं. त्या एका ओळीवर माझा महिना निघायचा. आणि त्याच ओळीमुळे तिची माणसं तिला वर्षभर गर्विष्ठ समजत होती.

अहवालात हे कसं लिहायचं यात माझा एक दिवस गेला. 'संपर्कातील खंड' असं लिहिता आलं असतं. फॉर्मवर ढकलता आलं असतं, सगळ्यांना पटलं असतं, आणि नाव तिथंच राहिलं असतं. पण मग जुनी माणसं परत येणार नव्हती, आणि माणसं आली नाहीत तर वार्तापत्र जाणार होतं. नाव ठेवायचं की तिने उभं केलेलं काम ठेवायचं, एवढाच प्रश्न होता. मी जे झालं ते लिहिलं. जुन्या वाचकांना संपादक वारल्याचं कळवलेलं नाही. अंकावर त्यांचं नाव अजून आहे. त्यांनी संबंध तोडले अशी वाचकांची समजूत झाली आहे. मजकुरात मोठा दोष नाही.

संचालिकांनी माझ्या आणि प्रस्तावनाच्या समोरच वाचलं. चष्मा काढून पुसला.

"मलाही दिसलं नाही हो," त्या म्हणाल्या. "मी शेवटपर्यंत वाचतच नाही, हे त्यावरून कळलं." मग म्हणाल्या, "बंद करत नाही. हे कारण निघालं असेल तर बंद करायला माझा हात होणार नाही. पण पुढच्या अंकात खरं छापा. आणि फोन सुरू करा. फॉर्म नको."

"छापायला नियम आड येतो," प्रस्तावना म्हणाला.

"नियम जिने केला ती असती तर तिनेच तो केव्हाच मोडला असता," संचालिका म्हणाल्या.

फोन कुणी करायचे हा प्रश्न होता. मी दोनच केले होते आणि दोन्हींत घामाघूम झालो होतो. शेवटी प्रस्तावनाने यादी अर्धी करून घेतली. पहिल्या फोनला तो एवढा वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिला की मी शेजारी बसून बोटं मोडत होतो. पण पलीकडचा माणूस कुठे ठेवत होता? सगळं ऐकून घेऊन तो आपणहून म्हणाला, काहीतरी वाईट सांगायचंय का तुम्हाला? मग प्रस्तावनाने सांगितलं. कागदावर जड जाणारा हा माणूस फोनवर जड जात नाही, हे मला तेव्हा समजलं.

माझ्या अर्ध्यातले सगळे मी केले, हेडक्लार्क बाईंचा सोडून. त्यांना 'सांगतो' म्हणून बसलो होतो. आज करू, उद्या करू करता अंकाचा दिवस आला.

चौकटीचा मजकूर प्रस्तावनाने लिहून आणला होता. पानभर. त्यात 'कालाच्या उदरात' वगैरे होतं.

"तिला आवडलं नसतं," मी म्हणालो.

"मग तुम्ही लिहा."

मी तीन ओळी लिहिल्या. संपादक गेल्या वर्षी आजारपणात वारल्या. हे आम्ही तुम्हाला कळवलं नाही, ही आमची चूक. त्या तुम्हाला विसरल्या नव्हत्या. खाली संपादक म्हणून त्याने अजून काही घातलं नव्हतं, जागा मोकळी होती. मीच त्याचं नाव टाईप केलं. तो काहीतरी बोलायला लागला, तर मी त्याला अंक पाठवायला सांगितलं, नाव काढून घेतलेल्यांनाही.

दुपारी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. हेडक्लार्क बाई होत्या. नमस्कार नाही, काही नाही.

"त्या दिवशी तुम्ही 'सांगतो' म्हणालात."

"हो."

"कुणाला सांगणार होतात?"

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"वर्षभर मी तिला नावं ठेवली," त्या म्हणाल्या. आवाज बसलेला होता. "चारचौघांत ठेवली. इथे सगळ्यांना सांगितलं, मोठी झाली, विसरली म्हणून. ते आता मी कुठे नेऊ? तुम्ही लोकांनी मला हे करायला लावलंत."

"चुकलं आमचं."

"तुम्ही तिचे कोण? अंक वाचून मी त्या स्वच्छता निरीक्षकांना फोन केला, ते म्हणाले, मिस्टर."

"हो."

मागे कुणीतरी त्यांना सही मागत होतं. त्यांनी त्याला 'नंतर ये रे' म्हणून घालवलं.

"आणि हे काय लिहिलंय? तीन ओळी? एवढ्या बाईला तीन ओळीत गुंडाळलंत?"

"मला जास्त लिहिता येत नाही."

"मग बोला," त्या म्हणाल्या. "दार लावून घेतलंय मी. काय झालं होतं तिला?"

मला फोनवर बोलता येत नाही हे मी त्यांना सांगणार होतो. पण मग सुरुवातीचा ताप आठवला, आणि तो साधाच आहे म्हणून ती फोन करत बसली होती ते. तिथून सुरू केलं.