पार्श्वभूमीतला आवाज

पुस्तक टपालाने न पाठवता दादा स्वतः घेऊन आला, तेव्हाच मी ओळखलं की याला कौतुक करून हवंय. दादा विद्यापीठात समाजशास्त्र शिकवतो. नवी यंत्रं माणसांचं काय करतात, यावर त्याची जाडजूड पुस्तकं निघतात. या पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण आमच्या आईवर आहे.

आईची एक बाजू अर्धांगवायूने गेली, तेव्हा त्याने तिच्या उशाशी एक बोलकी डबी आणून ठेवली. ती गोळ्यांची आठवण करते, गाणी लावते आणि खोलीतलं सगळं बोलणं टिपून दादाकडे पाठवते. आईला उचलणं, पुसणं, भरवणं डबीला येत नाही. ते मी करते, आणि मधल्या वेळात शेजारच्या खोलीत लोकांच्या पँटी आखूड करून देते.

"आईचं प्रकरण आधी वाच," दादा म्हणाला. मी उभ्याउभ्याच वाचलं. 'एकट्या राहणाऱ्या या वृद्धेने यंत्राला आपणहून चिमी असं लाडकं नाव दिलं. ती दिवसभर त्याला हाका मारते.'

चिमी मी आहे. या घरात मला दुसऱ्या नावाने कधी कुणी हाक मारलेली नाही.

शेवटी संभाषणांचे उतारे होते. आई म्हणते, 'चिमे, अगं ये ना.' त्यापुढे कंसात: पार्श्वभूमीत अस्पष्ट आवाज. तो अस्पष्ट आवाज म्हणजे मी शिलाई मशीनवरून उठताना म्हटलेलं 'आले गं'. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे कुणी लिहिलं?"

"उतारे विद्यार्थ्यांनी काढले. त्यांना काय माहीत चिमी कोण?"

"तुला तर माहीत होतं."

दादाने चष्मा पुसायला घेतला. "प्रकरणाचा सगळा डोलारा त्या नावावर उभा होता गं. लोकांनाही तेच आवडलंय. हवं तर पुढच्या आवृत्तीत तळटीप टाकतो."

तळटीप. आईच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्रंदिवस तिची कूस बदलायची मी, आणि राहायचं पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात. त्याने मला कामवाली म्हटलं असतं तरी एक वेळ चाललं असतं; निदान माणसांत तरी धरलं असतं.

वर त्याने आईसाठी एक भेटही आणली होती. म्हणजे येताक्षणी डबीत काहीतरी खटपट करून, 'चिमी' म्हटलं की तिने ओ द्यावी अशी सोय करून ठेवली होती. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

तेवढ्यात आईने हाक मारली. "चिमे."

"बोला आई, मी ऐकतेय," डबी म्हणाली. दादाचा चेहरा उजळला.

मी जागची हलले नाही. मुद्दामच.

"चिमे, बाथरूमला जायचंय."

"बोला आई, मी ऐकतेय."

आईने चालत्या हाताने डबी ढकलायचा प्रयत्न केला. "तू गप बस. मी माझ्या लेकीला बोलावतेय."

मला वाटलं, आता तरी हा शरमेल. दादाने खिशातून पेन काढलं.

"म्हणजे दोघींमधला फरक तिला कळतो," तो पुटपुटला. "हे फार महत्त्वाचं आहे."

मी डबीची वायर भिंतीतून उपटली.

"अगं, रेकॉर्डिंग जाईल."

"नाहीतर आईची चादर जाईल. पेन ठेव आणि तिला त्या बाजूने धर."

त्याने मुकाट्याने धरलं. आई आम्हा दोघांच्या मध्ये कशीबशी उभी राहिली आणि माझ्यावर चिडली.

"केव्हाची हाका मारतेय. कुठे होतीस गं?"

"इथेच होते," मी दादाकडे बघत म्हटलं.