भांड्याची लाज

...कडेला चिकटलेलं काही निघत नव्हतं. निवेदितानं जोर लावून ब्रश पुन्हा फिरवला. सासूबाईंचं बेडपॅन — त्यांचं मांडीचं हाड मोडल्यापासून हे तिच्याच वाट्याला — आणि बाहेरच्या खोलीत तिचा नवरा स्वानंद स्वतःची कथा खणखणीत वाचून बघत होता, ‘मी एक भांडं. माउली माझ्यावर टेकते, आणि लाज मला वाटते हो...’

भांड्याला लाज वाटते म्हणे! तिला किळस आली, पण वासाची नव्हे. वास कधीच अंगवळणी पडला होता. हा माणूस परंड्याच्या शाळेत पोरांना चेतनगुणोक्ती शिकवतो — निर्जीव वस्तूला माणसासारखं बोलतं करा, लिखाण जिवंत होतं — आणि घरी आईच्या खोलीत पाऊल टाकत नाही, नाकाला रुमाल लावून उंबऱ्यावरूनच ‘बरंय ना?’ विचारतो. या भांड्याला कधी हात तरी लावलाय?... लाज वाटते ती आईंना. मी आत गेले की पदर तोंडावर ओढून भिंतीकडं बघतात. आणि आज संध्याकाळी वाचनालयात कथाकथन. सगळं गाव डोळे पुसणार, उद्या बायका आईंना बघायला येणार. शी!

“कशी झालीय?” स्वानंद मोरीच्या दाराशी आला, पण जरा लांबच उभा राहिला.

“आईंना विचारलंत?”

“तिला काय कळतंय त्यातलं?” म्हणत तो इस्त्रीचा सदरा शोधायला गेला.

तिनं हात धुतले, पुन्हा धुतले, आणि ती आत गेली. मधली भिंत पत्र्याची. आईंनी शब्दन् शब्द ऐकला असणार.

“आई, हे तुमचं सगळं आज गावासमोर वाचणार आहेत. तुम्ही नको म्हणा. तुमचं ऐकतील.”

आता त्या चिडतील, निदान रडतील तरी — ती वाट बघत उभी राहिली.

सासूबाईंनी तोंडावरचा पदर बाजूला केला. डोळे कोरडे होते, उलट चमकत होते. “काय गोड वाचतो गं पोरगं,” त्या म्हणाल्या. मग जरा चाचरत, “मला खुर्चीत बसवून न्याल का तिथं?”

निवेदिता त्यांची चादर उगाच सारखी करू लागली. म्हातारीनं रडायला हवं होतं... आपल्याला ते किती हवं होतं, मनापासून हवं होतं, हे तिला आत्ता कळलं. आणि सकाळपासून नवऱ्याची वाटणारी किळस आता नेमकी कुणाची वाटतेय, ते तिला ठरवता येईना.